'मास्तर' हलका कसा?

दादरहून एका ताईंनी विचारलंय: "काकांनी कोकणातल्या शाळेत ३० वर्षं शिकवलं. आता त्यांचं पुस्तक येतंय. मलपृष्ठावर 'प्रकाशित लेखक व मास्तर' असं छापायचं ठरलंय, पण 'मास्तर' हलकं वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?"

आधी ते 'प्रकाशित' काढा. प्रकाशित होतं ते पुस्तक. माणूस नुसता लेखक.

आता मास्तर. शाळेतला, स्टेशनातला, कापड बेतणारा हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. मला चीड येते ती दर शिक्षकदिनी फिरणाऱ्या मेसेजची: 'मा म्हणजे आई, तिच्या स्तरावर येऊन शिकवतो तो मास्तर.' परवा एका सत्काराला मराठीच्या प्राध्यापकांनीच व्यासपीठावरून हे ऐकवलं, वर टाळ्याही पडल्या. अहो, ही व्युत्पत्ती नव्हे, शब्दाची मोडतोड आहे!

मूळ लॅटिन 'मागिस्तेर'. त्याच्या पोटात 'मागिस', म्हणजे अधिक. आपल्या 'महत्'शी त्याचं थेट नातं. इंग्रजांकडे त्याचा मास्टर झाला, पोर्तुगिजांकडे 'मेस्त्रे', आणि त्यावरून आपला मिस्त्री. म्हणजे ओळंबा सोडून, एक डोळा मिटून भिंत जोखणारा मिस्त्री आणि फळ्यावर सरळ रेघ ओढणारा मास्तर एकाच घरातले. 'मिनिस्टर'ही त्याच घडणीचा, पण तो 'मिनुस' म्हणजे उणा यावरून. मूळ अर्थ सेवक. मास्तर अधिक, मंत्री उणा. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती.

'मास्तर' सरळ इंग्रजीतून आला, असं सांगून जाणकार मोकळे होतात. मला ते पटत नाही. स्टेशन, स्टोव्ह, पोस्ट यांत आपण 'ट' जसाच्या तसा ठेवला. मग इथेच 'त' कुठून आला? मुंबई इंग्रजांकडे जाण्याआधी, १५३४ पासून सव्वाशेवर वर्षं पोर्तुगिजांची होती. वसई तर १७३९पर्यंत. 'पगार' त्यांचाच, 'पाव' त्यांचाच. मिस्त्रीतला 'त' कानात मुरलेला होता, तोच मास्टरला चिकटला, असं माझं ठाम मत आहे.

आणि हलका म्हणता? नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा कवितासंग्रह १९६२चा, पद्मश्री १९९८ची. एवढं सगळं झालं तरी त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंनी आपल्या आत्मकथनाला नाव दिलं 'मास्तरांची सावली'. 'सरांची' नव्हे.