आधी दहा वेळा पाणी तोल

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी हसू आलं, दुसऱ्या वेळी त्या वयातली मी आठवले. तीन आठवडे काचसामान धुतेय, पिपेटला लावायच्या टिपांचे डबे भरतेय, दुसऱ्यांच्या ट्यूबवर लेबलं लावतेय, याला इंटर्नशिप म्हणायचं का, असं विचारलंयस. म्हणायचं. पण तुझा राग उगाच आहे असंही मी म्हणणार नाही. काही लॅबमध्ये विद्यार्थी म्हणजे फुकटचा हमालच असतो. तसं असतं तर मी तुला सरळ गाइडशी बोलायला सांगितलं असतं. मात्र पुढच्या सोमवारपासून तुला स्वतःचं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायचा प्रयोग, मिळणार आहे, हे तूच पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंयस. म्हणजे हातात चार-पाच दिवस आहेत. त्यांचं काय करायचं तेवढंच लिहिते.

काचसामानावर फार वेळ घालवत नाही. धुतलेला फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने खंगाळून उलटा धर आणि बघ. पाणी एकसंध पडद्यासारखं खाली उतरलं तर काच स्वच्छ. कुठे थेंब अडकून बसले तर तिथे अजून चिकटपणा आहे, परत धू. एवढं बघायची सवय लागली की त्या कामातून तुला जे मिळायचं ते मिळालं.

पिपेटचं, म्हणजे बटण दाबून द्रव मोजून ओढायच्या त्या नळीचं, मात्र तसं नाही. "पिपेटिंग येतं मला" असं लिहिलंयस. कशावरून येतं? माझा प्रश्न खोचक वाटेल, पण तो खरंच विचारतेय. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये द्रावणाला रंग आला, परीक्षकांनी मान डोलावली, म्हणून? उद्या काम संपल्यावर चार दशांश स्थानांपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर एक छोटं भांडं ठेव, तराजू शून्यावर आण आणि पिपेटने 100 मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर त्यात सोड. आकडा लिही. परत शून्य, परत 100. असं दहा वेळा. 20 अंश सेल्सिअसला एक मिलिलिटर पाण्याचं वजन साधारण 0.998 ग्रॅम भरतं, म्हणजे तुझा आकडा 0.0998 च्या आसपास हवा. पिपेट तपासायच्या आयएसओ 8655 या मानकातही प्रत्येक मापाची दहाच रीडिंग घेतात, त्यामुळे मी तुला काही जगावेगळं करायला सांगत नाहीये.

पहिल्यांदा आकडे इकडेतिकडे पळतील. कारणं बहुतेक वेळा हातातच सापडतात. बटण दोन टप्प्यांत दबतं, अंगठा दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढला तर जास्त येतो. ओढताना पहिलाच टप्पा, सोडताना दुसरा. बटण फटकन सोडलं तर टिपेत हवेचा बुडबुडा शिरतो. टिप खोल बुडवली तर बाहेरच्या अंगाला चिकटलेला थेंबही सोबत येतो, दोन-तीन मिलिमीटर पुरे. पिपेट तिरकी धरली की माप चुकतं. नव्या टिपेने पहिलं माप किंचित कमी भरतं, म्हणून टिप आधी एक-दोनदा भरून रिकामी करायची. आणि पिपेट उगाच मुठीत धरून गप्पा मारत उभं राहू नये, हाताच्या उबेने आतली हवा फुगते. हे सगळं तुझ्या मॅन्युअलमध्ये असेल. पण ते वाचून हाताला येत नाही, आकडा चुकला की येतं.

पाणी जमलं की एंझाइमकडे, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनाकडे, वळ, तिथे आणखी एक खोड आहे. पीसीआरची बरीचशी एंझाइम 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली असतात, त्यामुळे ती पाकासारखी घट्ट. टिप सावकाश भरू दे, टोक द्रवाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवून. ट्यूबमध्ये सोडल्यावर ते तळाशी जाऊन बसतं, नीट मिसळलं नाही तर वरचा द्रव नुसता बघत राहतो. आणि मग आपण प्रोटोकॉलला नावं ठेवतो.

हे सगळं कशासाठी? सोमवारी प्रयोग फसेल (पहिला बहुधा फसतोच) तेव्हा तुझ्यापुढे दहा संशयित असतील: प्रायमर (प्रत सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा), तापमान, मशीन, डीएनए, तू. हाताचा भरवसा आकड्यात ठाऊक असेल तर निदान एकाला यादीतून बाहेर काढता येईल. नाहीतर तू सगळ्यांवर संशय घेशील, आणि शेवटी गाइड तुझ्यावर.

आता वही. हिच्याबद्दल मी जास्त लिहिणार, कारण हिच्यापायी मी इतरांचं नुकसान केलंय.

माझ्या पहिल्या इंटर्नशिपला पीसीआर नवीन नवीन जमायला लागलं होतं. एका संध्याकाळी जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारी ती मऊ वडी, यूव्ही प्रकाशावर ठेवलं. अंधाऱ्या खोलीत नारिंगी पट्ट्या चमकल्या: लॅडर (तुकड्यांची लांबी ताडायची मोजपट्टी), मग माझे सहा नमुने, सहाही ठिकाणी हवा तिथे बँड. शेवटची लेन, म्हणजे रांग, निगेटिव्ह कंट्रोलची. त्यात सगळं होतं, फक्त डीएनएच्या जागी पाणी. ती काळीकुट्ट दिसायला हवी. तिथे बाकीच्यांच्याच उंचीवर एक फिकट रेघ होती, डोळे बारीक केले तरच दिसेल अशी. जेलमधल्या शेजारच्या खाचेतून सांडलं असणार, असं मी ठरवलं. ठरवलंच म्हणायचं, तपासलं काहीच नाही. वहीत लिहिलं, "सहाही नमुन्यांत अपेक्षित बँड." कंट्रोलबद्दल एक शब्द नाही.

अकरा दिवसांनी दुसऱ्या एका मुलीच्या कंट्रोलमध्ये तीच रेघ आली, या वेळी ठसठशीत. आम्ही तिघं जी पाण्याची बाटली वापरत होतो तिच्यातच डीएनए गेला होता. पीसीआरचं गणित तुला माहीत आहे: प्रत्येक फेरीला दुप्पट, 30 फेऱ्यांनंतर एका रेणूचे कागदावर तरी शंभर कोटींहून जास्त. न दिसणारा एक तुषारही पुरतो.

गाइड ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हे सुरू कधी झालं?" मला तारीख आठवेना. वही उघडली तर वहीत कंट्रोलबद्दल काहीच नाही. नेमकी कुठपासून घाण होती हे सांगता येईना, म्हणून तिघांचं अकरा दिवसांचं सगळंच फेकावं लागलं, त्यात कदाचित चांगलं होतं तेही. मी एक ओळ लिहिली असती तर निम्मं तरी वाचलं असतं. त्या दोघांनी मला कधी बोल लावला नाही. मला आजही ते बरं वाटत नाही.

म्हणून वहीत जे दिसलं ते लिही, जे दिसायला हवं होतं ते नव्हे. पेनाने, तारीख आणि वेळ घालून, काम चालू असतानाच. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. रसायनाचा बॅच नंबर लिही, त्या वेळी निरर्थक वाटला तरी. टिश्यू पेपरवर किंवा ग्लोव्हवर टिपून "नंतर उतरवते" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले, आणि दिवसाच्या शेवटी तो ग्लोव्ह कचऱ्याच्या डब्यात जातानाही पाहिलाय. ट्यूबच्या फक्त झाकणावर नाव घालू नकोस, झाकणं बदलतात. अंगावरही घाल, आणि मार्करच्या शाईवर 70 टक्के इथेनॉलचा हात फिरला की ती पुसली जाते हे ध्यानात ठेव.

चूक झाली तर सांगायचं कधी, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात दोन ठिकाणी "मॅडम काय म्हणतील" आलंय म्हणून लिहिते. त्याच तासात सांग. "रीडिंग विचित्र येतंय" असं मोघम नको. "तिसऱ्या ट्यूबमध्ये एंझाइम दोनदा पडलं असावं, बाकीच्या ठीक आहेत" असं. बाई रागावल्याच तर पाच मिनिटं रागावतील.

मोठ्यांचंही होतं बरं. 2011 मध्ये ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतचं सुमारे 730 किलोमीटरचं अंतर न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद आधी कापतायत. कित्येक महिने त्यांनी आकडे उलटेपालटे करून पाहिले होते आणि जाहीर करतानाच इतरांनी तपासावं असं सांगितलं होतं. 2012 मध्ये कळलं की घड्याळाच्या यंत्रणेतली एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. केबल सैल होती हेही त्यांनीच शोधून जगाला सांगितलं. मला ती माणसं आवडतात.

सुरक्षेचं तुला लॅबमध्ये सांगितलं असेलच, दोनच गोष्टी. ग्लोव्ह घालून दाराची मूठ आणि मोबाइल धरायचा नाही, त्या हातांनी काय काय धरलेलं असतं ते तुलाच माहीत. आणि लिक्विड नायट्रोजन घेऊन लिफ्टमध्ये माणसाने शिरायचं नाही, कोणी कितीही घाईत असो. एका लिटरचा जवळपास 700 लिटर वायू होतो, आणि बंद लिफ्टमध्ये त्याला जायला जागा नसते. ऑक्सिजन कमी पडतोय हे कळायच्या आत माणूस कोसळतो.

लॅब असिस्टंटकाकांशी जमवून घे. कुठलं सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवायचं मशीन) समोरासमोर तोलून ट्यूब ठेवल्या तरी कुरकुरतं, कुठल्या फ्रीजरचं दार दोनदा दाबावं लागतं, हे प्रोटोकॉलमध्ये नसतं, त्यांच्याकडे असतं. "का?" हा प्रश्न मात्र मशीन चालू व्हायच्या आधी किंवा बंद झाल्यावर विचार, कोणी मोजत असताना मध्येच नको.

पाणी तोललंस की दहाही आकडे मला पाठव. सरासरी काढून नको, आणि विचित्र आलेला एखादा गाळूनही नको. कच्चेच, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने.

तुझी,
मावशी