हर्नियाचं ऑपरेशन

"मॅडम, नस कापल्यावर गोणी उचलता येते का?"

संपतने (नाव बदललेलं आहे) हे विचारलं ते आधी दार लोटून घेऊन, आणि नजर माझ्या टेबलावरच्या स्टेपलरवर ठेवून. वय बत्तीस, नाशिक जिल्ह्यातल्या एका कांद्याच्या बाजारात हमाल. पन्नास किलोची गोणी, दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा पाठीवर. बायको सुरेखा (हेही नाव बदललेलं) बाहेर बाकावर, मांडीवर दीड वर्षाची मुलगी. दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या वेळी बाळ कमी वजनाचं निघालं, काचेत ठेवावं लागलं, म्हणून तिचं ऑपरेशन तेव्हाच उरकायचं राहून गेलं. आता तिचं हिमोग्लोबिन ८.२, म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी केसपेपरवर 'पुरुष नसबंदी?' एवढंच लिहून माझ्याकडे पाठवलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेष बदलून येत असतो. ट्रॅक्टरवाला विचारतो, गाडीवर बसता येईल ना. सेंटरिंगवाला विचारतो, परांचीवर चढता येईल ना. रात्रीचं काय, हे सगळ्यांच्या मनात असतं. तोंडाने एखादाच विचारतो.

मी नेहमीसारखं चित्र काढून उत्तर दिलं. पुरुषबीज वर नेणारी सुतळीएवढी नळी असते, दोन्ही बाजूंना एकेक. बिनटाक्याच्या पद्धतीत कातडीला बारीक भोक पाडून ती बाहेर घ्यायची, कापायची, बांधायची. जागेवरच भूल, दहा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. पुरुषी संप्रेरक या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. म्हणून दाढी, आवाज, दंडातली ताकद, इच्छा, सगळं होतं तसं राहतं. वीर्यही येतं, कारण त्यात पुरुषबीजाचा वाटा अगदी थोडा. दोन दिवस आराम, जड ओझं आठवडाभर नको. सूज-दुखणं काही दिवस राहतं, क्वचित कुणाचं रेंगाळतं, तेही मी लपवत नाही. आणि तीन महिने निरोध वापरायचाच, कारण नळीत आधीचं बीज शिल्लक असतं. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं, पुरुषबीज शून्य आलं की मोकळे.

"बरोबर मॅडम," संपत म्हणाला. पुन्हा "बरोबर." चौथ्या 'बरोबर'ला माझ्या लक्षात आलं की हा मला पास करतोय, ऐकत काही नाही.

मग मी एक चूक केली. म्हटलं, "बायकोची काळजी घेतो तोच खरा मर्द." पोस्टरवर असतं तसलं वाक्य. तो पहिल्यांदाच वर बघत म्हणाला, "मग आमच्या टोळीतले बाकीचे काय खोटे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या फूटपट्टीने त्याला रोज मोजलं जातं, तीच मी उलटी धरून त्याच्या पाठीत घातली होती. ते वाक्य मी त्यानंतर वापरलेलं नाही.

मी गप्प बसले, तेव्हा तो बोलला. "गोऱ्हा ठेचताना पाहिलाय तुम्ही? पाडून, पाय बांधून?" लहानपणी त्याने वस्तीवर गोऱ्ह्याचा बैल करताना पाहिलं होतं. शिवाय टोळीतल्या एकाने मागे नसबंदी करून घेतली होती, त्याला आजही थप्पी लावताना मागून हाक येते, "ए बैला!" गोणीचा प्रश्न हा होता तर. हमालीत माणसाचं नाव त्याच्या पाठीवर चालतं. ओझं कमी पडलं की टोळी हसते, आणि हसलेली टोळी दुसऱ्या दिवशी वाट्यात घेईलच असं नाही.

मी फरक सांगितला. गोऱ्ह्याची शीर चिमट्याने रक्तवाहिनीसकट चेंगरतात, त्यामुळे वृषणच सुकून जातो. इथे वृषणाला हातही लागत नाही. मग सहज विचारलं, "ठेचल्यावर त्याचं करतात काय?"

"औताला जुंपतात."

"आणि वळूला?"

"वळू कशाला ओढतोय औत!" म्हणाला आणि स्वतःच हसला.

पुढच्या खेपेला आई सोबत आली. म्हाताऱ्या बाईंचं म्हणणं दोन वाक्यांचं: "कमावत्या गड्याला हात लावू नका. बाईचं काय, घरातच बसायचंय." त्यांच्या भीतीला मी हसत नाही. १९७६-७७च्या आणीबाणीच्या वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, आणि कित्येक जबरदस्तीच्या. या आजींच्या चुलत्याला गाडीत घालून नेलं होतं. त्या वर्षानंतर पुरुषांच्या वाटेला जायला सरकारही बिचकलं आणि सगळा भार बायकांकडे सरकला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर विवाहित बायकांमागे जवळपास ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली दिसते. नवऱ्याची झालेली हजारात तीन.

आणि 'घरात बसणारी' सुरेखा? ती रोजंदारीवर कांदे साठवायच्या चाळीत कांदे निवडते. सकाळी नऊपासून उकिडवं बसून, भरलेली पाटी स्वतःच उचलून. पोटावर दोन सिझरचे वण आहेत. तिच्या कामाला ओझं असा शब्दच घरात नव्हता.

तिला एकटीला आत घेतलं. "ताई, माझंच करा," ती लगेच म्हणाली. मी मनात 'त्यागमूर्ती' असा शिक्का मारून मोकळी झाले होते. तो तिनेच पुसला.

"यांचं करून मला दिवस गेले तर? यांचं फसलं असं कोण म्हणणार? माझ्यावरच येईल ना."

इतकी वर्षं हे काम करते, पण एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. नसबंदी क्वचित का होईना फसू शकते, संमतिपत्रावरच तसं लिहिलेलं असतं. तिचं ऑपरेशन फसलं तर तो डॉक्टरचा दोष. त्याचं फसलं तर हिचं चारित्र्य. दोन सिझरच्या पोटावर तिसऱ्यांदा सुरी घ्यायला ती तयार होती, कारण तेच तिला स्वस्त पडत होतं.

कायद्याने नसबंदीला जोडीदाराची संमती लागत नाही. तरी त्या दिवशी मी दोघांना शेजारी बसवलं आणि तिला विचारून तिची भीती तिच्याच तोंडून परत वदवली. संपत बराच वेळ बोलला नाही. कानाची पाळी चोळत राहिला. मी त्याला संमतिपत्रातली 'अयशस्वी होऊ शकते' ही ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. अडखळत वाचली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तसं झालं तर आधी माझं तपासायचं. तुला कोण काय म्हणतंय ते बघतो." मी म्हटलं, हेच आईसमोर म्हणा. ते मात्र त्याला नस कापण्याहून जड गेलं. तरी दारापर्यंत जाऊन, अर्धं बाहेर उभं राहून, म्हणाला.

नोव्हेंबरच्या नसबंदी पंधरवड्यात ऑपरेशन झालं. आठवड्याने आला तेव्हा मी विचारलं, टोळीत काय सांगितलंत?

"हर्नियाचं झालं म्हणून सांगितलं."

हर्निया हे हमालाचं मानाचं दुखणं. ओझं उचलून उचलून होतं, त्याला कुणी हसत नाही, मुकादम हातावर शंभर रुपये ठेवून म्हणतो, जप. खरं सांगा असा आग्रह मी धरायला हवा होता का, ठाऊक नाही. धरला नाही. 'बैला' म्हणून हाक मला मारली जाणार नव्हती.

तीन महिन्यांनी तपासणीत पुरुषबीज शून्य आलं. तो कागद सुरेखाने घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला, आणि झेरॉक्स मागून घेतली.

परवा एक अनोळखी गडी आला. खांद्यावर गोणीचा धुरळा, कमरेला आकडा. दार लोटून घेतलं, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, ते संपतभाऊचं हर्नियाचं तुमच्याकडंच झालं ना?"