आत्याला कुणी विचारलं का?

पत्र: माझी आत्या या महिनाअखेरीस खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होतेय. तिनं लग्न केलं नाही, आमच्यासाठीच. अकरावीपासून मी तिच्या क्वार्टरमध्ये राहून शिकले. फी, क्लास, लग्नातले दागिने, सगळं तिनं केलं. आता क्वार्टर सोडावं लागेल. मी म्हणते बाणेरला माझ्याकडे ये. बाबा म्हणतात कराडला चल, वर खोली बांधतो. ती मात्र कारखान्यातल्या मैत्रिणीबरोबर खडकीतच दोन खोल्या भाड्यानं घेणार. "माझं मी बघून घेईन," म्हणते. दरमहा वीस हजार देते म्हटलं, तेही नको. आम्ही परके झालो का?
– एक भाची, बाणेर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात आत्यानं केलेल्या खर्चाची यादी आहे, तुमची तळमळ आहे, बाबांचा बेत आहे. आत्याच्या तोंडचं वाक्य मात्र एकच आहे आणि नेमकं तेच तुम्हाला लागलंय.

'आमच्यासाठी लग्न केलं नाही' हे ती कधी म्हणाली होती? की घरात सगळे म्हणत आले म्हणून तेच खरं झालं? कदाचित तिला करायचंच नसेल. कदाचित एखादं स्थळ आजीनंच परतवलं असेल. माहीत नसताना तिचं अख्खं आयुष्य तुम्ही स्वतःवरचं कर्ज म्हणून मांडलंय, आणि कर्ज म्हटलं की फेडायची घाई आलीच. ती घाई तुमची आहे, तिची नाही.

तिच्या नोकरीबद्दल पत्रात एक ओळ नाही, याचं मला जास्त नवल वाटलं. तो कारखाना 1869 सालचा. फोन गेटवरच ठेवायचा, आत काडीपेटी न्यायची नाही, झडती देऊन आत जायचं आणि झडती देऊनच बाहेर यायचं. 1 ऑक्टोबर 2021 ला हे सरकारी कारखाने चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडून 41 कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि खडकी 'म्युनिशन्स इंडिया'त गेली. कामगार केंद्र सरकारचेच राहिले, पण प्रतिनियुक्तीवर, म्हणजे कंपनीकडे उसने दिलेले. संघटना विरोधात उभ्या होत्या, पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ती घरी येऊन हे कुणाशी बोलली? माझा अंदाज, त्याच मैत्रिणीशी. मग निवृत्तीनंतर तिच्याबरोबर राहावंसं वाटलं, यात तुमचा अपमान कुठं आला?

आता पैशाचं. 2004 च्या आधी लागलेली असेल तर तिला जुनी पेन्शन आहे, शिवाय भविष्य निर्वाह निधी (जीपीएफ), ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे. तुमच्या वीस हजारांवाचून तिचं अडणार नाही. आणि गंमत पाहा: आत्यानं भाचीला कितीही दिलं तरी प्राप्तिकर कायद्यात ते नातेवाइकानं दिलेलं धरतात, भाचीला कर नाही. पण भाचीनं आत्याला वर्षात पन्नास हजारांच्या वर दिलं, तर ते आत्याचं करपात्र उत्पन्न. कायद्याच्या लेखी आत्यानं द्यायचं आणि भाचीनं घ्यायचं, एवढंच नातं.

सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर तुम्ही तिचं कुटुंब नाही, तिच्यामागे मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनातही नाही. म्हणून ज्या कामात तुमचा खरा उपयोग आहे ते करा. निवृत्तांसाठीचं सीजीएचएस कार्ड काढायला तिच्याबरोबर जा. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की ते जन्मभर चालतं, आणि पुण्यात त्यांचे दवाखाने आहेत. कराडच्या खोलीचा विचार करताना हे बाबांना आठवलं होतं का? संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठीच्या 'स्पर्श' पोर्टलवर हयातीचा दाखला दरवर्षी कसा द्यायचा, ते एकदा शेजारी बसून करून दाखवा. बँकेत आणि पेन्शनच्या थकबाकीसाठी नामनिर्देशन कुणाचं आहे ते तिला तपासायला सांगा. अविवाहित बायकांच्या कागदांवर कितीदा तरी वारलेल्या आईचंच नाव असतं.

मृत्युपत्राचा विषय नाजूक आहे. ते केलं नाही आणि आईवडील हयात नसतील, तर तिचं सगळं हिंदू वारसा कायद्यानं तिच्या वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या बाबांकडे जाईल. तिला हे मान्य असेल, नसेलही. हा विषय तुम्ही एकट्यानं काढलात तर लोक नको ते बोलतील. बाबांसमोर काढा, आणि काढल्यावर गप्प बसा. ठरवू दे तिला.

राहण्याचं म्हणाल तर खडकी ते बाणेर काही परगाव नाही. दर रविवारी जा, आणि कधीतरी तिच्या हातचं जेवायला न जाता तिला आणि मैत्रिणीला बाहेर जेवायला न्या. पुढं गुडघे थकले, जिना चढवेना झाला, तर आपल्याकडे यायचं की नाही हे पुन्हा विचारता येईल. तेव्हाही विचारायचंच, ठरवून टाकायचं नाही.

आणि बाबांना सांगा, वरची खोली बांधायची घाई नको. स्लॅबचे पैसे आत्याच्या फंडातून यायचे असतील, तर मुळीच नको.