सप्ताहाचं कीर्तन लाइव्ह करायचंय, कॅप्चर कार्ड कुठलं घेऊ?

प्रश्न : दादा नमस्कार. आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो, पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत. मुंबईला माथाडीत असलेली माणसं, पुण्याची पोरं सगळी म्हणतात लाइव्ह दाखवा. मागच्या खेपेला मोबाईलवरून केलं तर मध्येच कुणाचा तरी फोन आला की बंद, आणि आवाज म्हणाल तर नुसते टाळ, बुवा काय म्हणतायत ते कळेना. यंदा कमिटीने पंचवीस हजार मंजूर केलेत. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा गावातलाच आहे, कॅमेरा त्याचा, लॅपटॉप माझा. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड ऑनलाइन बघितलं तर सातशेलाही आहे आणि पंधरा हजारालाही, दोन्हीवर ४के लिहिलंय. मग फरक काय?
– सप्ताह कमिटीतला एक जण, ता. खटाव

उत्तर : रामकृष्णहरी. खोक्यावरचं ४के आधी डोक्यातून काढा. सातशेवाल्या डोंगलवर जे ४के लिहिलेलं असतं ते आत घेण्याचं असतं, बाहेर लॅपटॉपला तो १०८०पी म्हणजे साधं फुल एचडी देतो, ते पण सेकंदाला ३० फ्रेम आणि ते पण दाबून दाबून. कारण सरळ आहे, न दाबलेलं १०८०पी चित्र ३० फ्रेमने पाठवायचं तर सेकंदाला हजार मेगाबिटच्या आसपास लागतात आणि हे डोंगल यूएसबी २ चे, ज्याची कागदावरची मर्यादाच ४८०. मग ते प्रत्येक फ्रेम जेपीईजी करून पाठवतात. त्यातले बरेचसे एमएस२१०९ नावाच्या एकाच चिपवर चालतात, नाव वेगळं आत माल तोच, आणि त्यात स्टिरिओ आवाज लॅपटॉपला मोनो म्हणून दिसायची खोड आहे.

आता खरं सांगू का, चित्राच्या क्वालिटीसाठी मी हे टाळा असं म्हणत नाही. तुम्ही ७२०पी लाइव्ह करणार, यूट्यूब ते आणखी दाबणार, मोबाईलवर बघणाऱ्याला सातशे आणि पंधरा हजार यातला फरक दिसणारसुद्धा नाही. टाळायचं ते दुसऱ्या कारणाने. ती प्लास्टिकची डबी पत्र्याच्या मंडपात दोन-अडीच तास सलग चालवली की तापते, आणि मग बरोबर चरण रंगात आलेलं असताना स्क्रीन काळी. घरी दहा मिनिटं लावून बघितलं तर झकास चालतं, म्हणून माणूस फसतो.

तर घ्यायचं ते यूएसबी ३ चं घ्या, आणि यूव्हीसी प्रकारचं म्हणजे ड्रायव्हर न टाकता वेबकॅमसारखं चालणारं, कारण ऐन वेळी तुमचा लॅपटॉप दगावला आणि शाळेतल्या गुरुजींचा आणला तरी चालू झालं पाहिजे. एल्गाटोचं कॅम लिंक ४के चांगलं आहे, ते गरम होतं पण काम करतं, फक्त थेट लॅपटॉपला न खोचता सोबत येणाऱ्या छोट्या एक्स्टेन्शनने जोडा. मॅजवेलचं यूएसबी कार्ड धातूच्या बॉडीचं असतं, तासन्‌तास चालवायला माझी पहिली पसंती तेच, पण तुमचं बजेट तिथे संपेल. तुम्ही कॅम लिंकवर थांबा आणि उरलेल्या पैशात ते सातशेवालं एक स्टेपनी म्हणून पिशवीत ठेवा.

आता कॅमेरा. त्या पोराला विचारा की एचडीएमआयमधून, म्हणजे चित्र बाहेर काढायच्या वायरीतून, चित्र स्वच्छ येतं का, नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि फोकसचा चौकोन बुवांच्या तोंडावर सात दिवस. लग्नाला आता सगळे मिररलेस घेऊन फिरतात, फोटोला भारी, पण काही मॉडेल बराच वेळ चालू राहिली की तापून बंद पडतात, शिवाय त्यांचं एचडीएमआयचं भोक बारकं, कुणाचा पाय वायरला लागला की पोर्टच निकामी. त्याच्याकडे जुना हँडीकॅम पडलेला असेल तर मी तोच लावीन. ऑटो पॉवर ऑफ बंद, बॅटरीऐवजी अॅडॉप्टर, वायरला एक वेटोळं देऊन ट्रायपॉडला चिकटपट्टीने बांधायची. आणि आपली लाइट ५० हर्ट्झची आहे त्यामुळे शटर १/५० ठेवा, फ्रेम २५, म्हणजे मंडपातल्या ट्यूबा आणि एलईडी पट्ट्या लपलप करणार नाहीत.

लॅपटॉप कुठे ठेवायचा हे कुणी विचारत नाही पण निम्मा घोळ तिथेच होतो. लोक लॅपटॉप साऊंडवाल्याजवळ ठेवतात आणि कॅमेऱ्यापासून तिथपर्यंत वीस मीटर एचडीएमआय ओढतात. साधी एचडीएमआय दहा मीटरपुढे बेभरवशाची. उलट करा, लॅपटॉप कॅमेऱ्याच्या पायाशी ठेवा, एचडीएमआय दोन मीटरचीच पुरते, आणि लांबून आणायचा तो आवाज आणि नेट आणा. एक्सएलआरची बॅलन्स्ड वायर, माइकला असते ती, मंडपभर आरामात जाते, लॅनची वायर १०० मीटरपर्यंत जाते.

आवाज साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्यायचा पण मेन आउटचा नको. मंडपात पखवाज आणि टाळ माइकशिवायही दणकून ऐकू येतात म्हणून साऊंडवाला ते कमीच ठेवतो, त्यामुळे मेन आउट घेतला की लाइव्हवर बुवा आणि पेटी तेवढी, पखवाज गायब. त्याला सांगा ऑक्सवरून, म्हणजे मिक्सरच्या जादा आउटवरून, वेगळं मिक्स दे, बुवा वर, पखवाज मध्यम, वीणा थोडी, आणि टाळकऱ्यांसाठी लांबून एकच माइक. ते ऑडिओ इंटरफेसने, म्हणजे मिक्सरचा आवाज यूएसबीने आत देणाऱ्या डबीने, लॅपटॉपला घ्या. ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ओठांच्या आधी येत असेल तर सिंक ऑफसेट, म्हणजे आवाज मागे ठेवायची सेटिंग, थोडी वाढवा, टाळी वाजवून जुळवता येतं. ओबीएस फुकट आहे, कुणी विकत देत असेल तर घेऊ नका.

बाकीचं झटपट. ७२०पीला सेकंदाला तीन-चार मेगाबिट (एमबीपीएस) पुरे, पण अपलोड त्याच्या दुप्पट असू द्या आणि तो स्पीड रात्री नऊला मोजा, दुपारी नाही. राउटर यूपीएसवर, कारण लाइट गेल्यावर जनरेटर चालू होईस्तोवर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर नाही. नवीन चॅनेल असेल तर फोन नंबर व्हेरिफाय करून लाइव्हची सोय आधीच चालू करून ठेवा, पहिल्यांदा २४ तासांपर्यंत लागू शकतात. आणि अखंड म्हणून लाइव्हही अखंड ठेवू नका, यूट्यूब १२ तासांपर्यंतचंच लाइव्ह आपोआप साठवतं, त्यामुळे काकडा वेगळा, हरिपाठ वेगळा, कीर्तन वेगळं लावा. काल्याचं कीर्तन नंतर सगळ्यांना हवं असतं.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये २०२० च्या लॉकडाऊनपासून रविवारची मराठी मिस्सा लाइव्ह असते. आजारी आणि वयस्कर लोकांसाठी ती आता बंद करता येत नाही. तीन कॅमेरे, तीन कॅप्चर कार्डं, एक हब, एक लॅपटॉप असा कारभार आहे. दोन कॅमेरे चालतात, तिसरा जोडला की एक फ्रीज होतो. चौथं चांगलं कार्ड घ्यावं का?
– एक तरुण, वसई

उत्तर : नको. कार्ड चांगलं असेलही, पण तिन्ही एका हबवर म्हणजे एकाच यूएसबी नळाला तीन बादल्या लावल्यात. स्विचर घ्या, म्हणजे सगळे कॅमेरे जोडून हवा तो निवडायची पेटी. ब्लॅकमॅजिकच्या एटेम मिनीला चार एचडीएमआय आत जातात आणि लॅपटॉपला एकच वेबकॅम दिसतो, प्रो मॉडेल असेल तर लॅनवरून स्वतःच यूट्यूबला पाठवतं, लॅपटॉपची झंझटच नाही. मागच्या माळ्यावर गायकवृंदाजवळचा जो कॅमेरा असेल त्याची वायर लांब जाणार, तिथे कॅमेऱ्याकडे एचडीएमआय ते एसडीआय (लांब पल्ल्याची चित्राची वायर) आणि स्विचरकडे एसडीआय ते एचडीएमआय कन्व्हर्टर लावा, चांगल्या कोअॅक्स वायरवर ते आरामात जातं आणि त्याचं बीएनसी टोक फिरवून लॉक होतं, निसटत नाही. ऑप्टिकल एचडीएमआय पण चालते, फक्त तिला दिशा असते, उलटी टाकून पीओपीत गाडली तर काय होईल ते सांगायला नको. पुढेमागे पैसे जमले तर वेदीसाठी पीटीझेड कॅमेरा बघा, रिमोटने फिरतो, म्हणजे अर्पणाच्या वेळी ट्रायपॉड घेऊन कुणी पुढे नाचणार नाही, फादरही खूश.

प्रश्न : गर्दीत वायरी नकोत म्हणून वायरलेस एचडीएमआय घेतलं तर?
– सोलापूर

उत्तर : रिकाम्या देवळात मस्त चालतं. आरतीला हजार माणसं आणि हजार मोबाईल आले की तुटायला लागतं, माणसांची अंगंसुद्धा सिग्नल अडवतात. वायरच टाका, वरून न्या, आणि घेतलेलं सगळं सामान कार्यक्रमाआधी एकदा पूर्ण तीन तास पंखा बंद करून चालवा, दुकानदाराची परत घ्यायची मुदत संपायच्या आत.