कोकणातल्या दमट हवेत इंजिनिअर्ड वूड फ्लोअरिंग टिकेल का? कुठलं घ्यावं आणि कसं बसवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळ तळमजला अधिक एक असं घर होतंय, खालचा हॉल आणि वरच्या दोन बेडरूम इथे इंजिनिअर्ड वूड (वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लाय किंवा बोर्ड) टाकायचंय, घर वर्षातले बरेच महिने बंद राहणार आणि दुकानदार म्हणतोय माल वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त घ्या. मी फ्लोअरिंगचंच काम करतो, धंदा ठाण्यात पण अलिबागपासून गोव्यापर्यंतची कामं घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निकाल सांगून टाकतो, वरच्या बेडरूममध्ये करा, खालच्या हॉलमध्ये करू नका. आणि वरही तेव्हाच करा जेव्हा पावसाळ्यात घराकडे कोणीतरी बघणार असेल.

दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. तो वॉटरप्रूफ म्हणतो ते वरून सांडलेल्या पाण्याबद्दल, ग्लास कलंडला, पुसून घेतला, काही होत नाही, इतपत ते खरं आहे. पण कोकणात लाकडाला सांडलेल्या पाण्यापेक्षा हवेचा त्रास जास्त. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, वरून लॅकर मारा नाहीतर तेल, त्याने वेग कमी होतो, थांबत नाही. साधारण ३० डिग्रीला हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल १०-११ टक्क्यांवर स्थिरावते, तीच हवा ८५ टक्क्यांची झाली की १७-१८ पर्यंत जाते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, त्यामुळे बंद घरात ८५-९० टक्के हवा आठवडेच्या आठवडे कोंडून राहते. गावाकडची दारं आषाढात चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर आपसूक मोकळी होतात ना, तेच जमिनीवर होतं, फक्त दाराला रंधा मारता येतो, जमिनीला कुठे मारणार.

लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. इंजिनिअर्डमध्ये खालचे प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक फुगायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून सॉलिड लाकडापेक्षा हे दमट जागी बरं, पण बरं म्हणजे अमर नाही. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खोलीतली आर्द्रता साधारण ३५ ते ६५ टक्क्यांत ठेवायची. ते कार्ड ऑर्डर देण्याआधी मागा आणि दुकानदाराला विचारा, जुलैत बंद घरात हे कसं ठेवायचं. उत्तर देताना चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं.

कोणी म्हणेल आपल्याकडे माडीवर पिढ्यान्पिढ्या फणसाच्या नाहीतर सागाच्या फळ्या आहेतच की, त्यांना काय झालं? त्या फळ्या तुळयांवर मोकळ्या टाकलेल्या, खालून वरून दोन्हीकडून तीच हवा, मधे फटी, आणि घरात माणसं, चूल, सगळं चालू. फुगल्या तरी दोन्ही बाजूंनी सारख्या फुगायच्या, म्हणून वाकायच्या नाहीत. आपण आता फळी सिमेंटच्या कोब्यावर दाबून बसवतो, खालून ओल वेगळी आणि वरून वेगळी. खालून जास्त ओल लागली की फळीच्या कडा वर येतात आणि मधे खळगा पडतो, अनवाणी चाललं की पायाला कळतं. आणि नुकत्या कडा वर आलेल्या असताना कोणी घाईने पॉलिश मशीन फिरवून सपाट केली तर वाळल्यावर उलटी होते, मध्यभाग उचलल्यासारखा दिसतो. त्यामुळे पावसाळ्यात काही दिसलं तर दोन-तीन महिने हात लावू नका, आधी ओल कुठून येतेय ते शोधा.

आता माल. सँपल हातात घ्या आणि वरचं तोंड नका बघू, आडवी कड बघा. वरचा खरा लाकडाचा थर किती जाड आहे ते तिथे दिसतं, काही मालात तो ०.६ मिलिमीटर असतो, म्हणजे नुसती व्हिनियर, आणि चांगल्यात ३ ते ४. पातळवाल्याला पुन्हा घासून पॉलिश करता येत नाही, ३-४ वाल्याला एक-दोनदा येतं. त्याच्याखाली प्लाय आहे की एचडीएफ ते बघा. एचडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, कडेने पाणी शिरलं की फुगतो आणि परत पूर्वीसारखा होत नाही, लॅमिनेट फ्लोअरिंगमध्ये हाच असतो. कोकणासाठी मी प्लायवालाच सांगेन, एकूण जाडी १४-१५ मिलिमीटर, भरपूर पातळ थर, आणि फळी रुंद नको. सध्या २२०-२४० मिलिमीटरच्या रुंद फळ्यांची फॅशन आहे, फोटोत छान दिसतात, पण जितकी रुंद तितकी हालचाल जास्त, १२५-१५० मधे राहा. लाकूड साग किंवा ओक. साग दमटपणात सगळ्यात शांत, ओक बराच ठीक, बीच अजिबात नको, ते लाकूड फारच हलतं.

एक सँपल मागून घ्या आणि तुकडा कापून रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. आधी जाडी मोजून ठेवायची, सकाळी परत मोजायची, मग दोन दिवस सावलीत वाळवून नखाने थर उचकटून बघायचे. थर सुटले तर विषय संपला, गोंद हलका आहे. दुकानदार नको नको म्हणेल, सँपलचे पैसे द्या हवे तर. आणि वाळवीचं विचारा, तुमच्याकडे लाल माती आणि जांभा, वाळवी आहेच. जोत्याला वाळवीचं ट्रीटमेंट झालंय का ते कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी घ्या, फ्लोअरिंग टाकल्यावर हे करायचं तर जमिनीला भोकं पाडावी लागतात.

खरा खेळ कोब्याचा असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळे रंग निवडत बसतात. नवीन सिमेंट वाळायला ढोबळ हिशोब म्हणजे एक इंच जाडीला एक महिना, तोही कोरड्या हवेत. मे मधे कोबा टाकला आणि जूनमधे पाऊस सुरू झाला तर तो वाळतोय कुठे, दसऱ्यापर्यंत धरूनच चाला. वरून पांढरा आणि कोरडा दिसतो पण आत ओल तशीच. घरच्या घरी तपासायचं तर साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक पूर्ण दिवस राहू द्या. काढताना आतून घाम दिसला किंवा खालचा कोबा बाजूपेक्षा काळपट पडला तर थांबा. घाम नाही आला म्हणजे पास असंही नाही, ही फक्त नापास करणारी परीक्षा आहे. नीट आकडा हवा असेल तर कोब्याला भोक पाडून आत प्रोब ठेवून आर्द्रता मोजतात, बऱ्याच ठिकाणी ७५-८० टक्क्यांची मर्यादा मानतात, चांगल्या गोंद कंपनीचा माणूस हे करून देतो, सांगून बघा.

दुसरं म्हणजे लेव्हल. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी टाकायची आणि खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे सेल्फ लेव्हलिंग (पातळ ओतलं की आपोआप सपाट पसरणारं मिश्रण) करून घ्यायचं. मिस्त्री म्हणेल खाली फोम आहे, खपून जाईल. नाही खपत, चालताना कट कट आवाज येतो आणि वर्षभरात फळ्या एकमेकांत अडकवणारं क्लिकचं लॉक तुटतं.

बसवायच्या दोन पद्धती. एक म्हणजे फ्लोटिंग, खाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर आठ इंच एकावर एक आणि टेप, त्यावर २-३ मिलिमीटर फोम आणि वर क्लिक होणाऱ्या फळ्या, जमिनीला काहीच चिकटवायचं नाही. दुसरी म्हणजे पूर्ण गोंदावर. गोंद पीयू किंवा एमएस पॉलिमरचा, म्हणजे पाणी नसलेला, सुताराने पांढरा पाण्याचा गोंद आणला तर त्याला हात जोडा, पाण्याचा गोंद म्हणजे आपणच लाकडाला पाणी पाजणं. गोंदावर बसवलेली जमीन पायाखाली भरीव लागते, पोकळ आवाज येत नाही, पण कोबा शंभर टक्के कोरडा पाहिजे, वर इपॉक्सीचा ओलरोधक प्रायमर पाहिजे आणि पुढे काढायची वेळ आली तर फोडूनच निघते. तुमच्या वरच्या बेडरूमसाठी मी फ्लोटिंग करेन, कारण घर बंद राहणार, फळ्यांना एकत्र हलायला जागा द्यावी आणि एखादा भाग खराब झाला तर सोडवता यावा.

फ्लोटिंगमधे जागा म्हणजे चारही भिंतींपाशी १०-१२ मिलिमीटर फट, वर स्कर्टिंग झाकतं. ही फट सगळेच ठेवतात, पण नंतर घालवतात. कसं, तर फ्लोअरिंग झाल्यावर सुतार येतो आणि त्यावरच फिक्स वॉर्डरोब उभा करून खाली स्क्रू मारतो, किंवा दाराचा चुंबकवाला स्टॉपर फळीतून आरपार कोब्यात ठोकतो. एवढासा स्टॉपर, पण तिथे पूर्ण जमीन खिळली जाते आणि पावसाळ्यात दुसऱ्या बाजूने उचलली जाते. स्टॉपर भिंतीला लावा, वॉर्डरोब आधी करून घ्या आणि फ्लोअरिंग त्याच्या पायापर्यंत आणून थांबवा. दोन खोल्यांच्या मधे उंबऱ्यापाशी तोड देऊन टी पट्टी टाका, सलग नेऊ नका. बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटचा उंबरा थोडा उंच ठेवा आणि लाकूड त्याच्या अलीकडे संपवा, खराब झालेली जमीन बघायला मला बोलावतात तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा बाथरूमच्या दारातूनच झालेली असते.

वेळ ऑक्टोबर शेवट ते डिसेंबर. रंग, पॉलिश, प्लंबिंग, काचा सगळं संपल्यावर सगळ्यात शेवटी हे. खोकी आणून त्याच खोलीत आडवी ठेवा, भिंतीला उभी टेकवू नका, निदान दोन-तीन दिवस, खोकी उघडायची की बंद ठेवायची हे कंपनीच्या सूचनेत बघा, वेगवेगळं असतं. भर पावसात बसवलं तर फळ्या फुगलेल्या अवस्थेत बसतात आणि फेब्रुवारीत मधे फटी दिसतात.

मग बंद घराचं काय. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, काही शेकड्यांत, एक वर ठेवा. डीह्युमिडिफायर लावणार असाल तर त्याची टाकी पावसाळ्यात दिवसाभरात भरते आणि मशीन बंद पडतं, त्यामुळे नळी काढून बाथरूमच्या जाळीत सोडता येईल असंच घ्या, आणि लाइट जाऊन परत आल्यावर आपोआप चालू होणारं घ्या, कोकणात पावसात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. गावात कोणी काका-मामा असतील तर त्यांना आठवड्यातून एक चक्कर मारायला सांगा. आणि वीकेंडला मुंबईहून आल्या आल्या एसी १८ वर लावून रात्रभर खोली गार करायची आणि सकाळी गॅलरीचं दार सताड उघडायचं, हे नको. बाहेरची दमट हवा गार फळीवर आली की दव पडतं, जमीन चिकट लागते. २५-२६ ठेवा, नाहीतर ड्राय मोड.

पुसायला पाणी निथळणारं फडकं आणि फिनेल बंद, मायक्रोफायबर घट्ट पिळून. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा सांगून होत नाही, बादलीच वर जाऊ देऊ नका.

आता खालचा हॉल. तळमजल्याला जोत्यातून ओल येते, दारातून ओल्या पायाने माणसं येतात, आणि तुमचं घर गणपतीत भरणार, म्हणजे भर भाद्रपदात पाहुणे, ओल्या छत्र्या, पूजेचं पाणी, समया, सगळं त्याच हॉलमधे. तिथे लाकूडच दिसायला हवं असेल तर एसपीसी घ्या, दगडाची पूड आणि प्लास्टिकचा गाभा असतो, ५-६ मिलिमीटर जाडी, हवेतल्या ओलीने फुगत नाही, वाळवी खात नाही. जवळून बघितलं तर लाकूड नाही हे कळतं, ते मान्य. मी स्वतः तिथे चांगली मॅट व्हिट्रिफाइड टाइल किंवा कोटा फरशी टाकेन आणि वाचलेल्या पैशात वर सागाचा थर असलेला माल घेईन.

खालचा कोबा टाकून झालाय का आणि त्याच्याखाली प्लास्टिक अंथरलं होतं का, हे कॉन्ट्रॅक्टरला विचारून इथे लिहा. नसेल टाकलेला तर अजून हातात आहे, आत्ताच अंथरून घ्या, टाइल टाकली तरी जोत्यातून वर येणारी ओल त्याने अडते.