पाण्याची साय का झाली?

प्रश्न : ताई, जुलैत मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांजवळच्या ओढ्यावर गेलो होतो. नवा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) होता. लेन्सचं छिद्र एफ/११, संवेदनशीलता आयएसओ १००. फिल्टरशिवाय शटर १/३० सेकंद येत होतं, फिल्टर लावून ३० सेकंद ठेवलं. घरी येऊन फोटो ब्लॅक अँड व्हाइट केले, तर पाण्याच्या जागी नुसती पांढरी चादर आणि बाकी सगळं राखाडी. कुठे चुकलं?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : गणित बरोबर आहे हो तुमचं. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; दहा स्टॉप म्हणजे उजेड हजार पटींनी कमी, म्हणून १/३० चे ३० सेकंद झाले. पण ओढा भरात असताना ३० सेकंद फार झाले. फेसाची एक रेघ उमटते, तिच्यावर दुसरी चढते, तिसरी चढते; शेवटी एकही उरत नाही, नुसती साय. ओढ्याला पाव ते एक सेकंद पुरे. तुमच्याच आकड्यांवर तीन स्टॉपचा फिल्टर लावला असता तर पाव सेकंद मिळाला असता. त्यात धार दगडाला कुठे अडली, कुठून वळली, हे दिसतं. आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) फेसावर बघा, दगडावर नाही. फेस एकदा जळला, म्हणजे नुसता पांढरा झाला, की परत येत नाही.

आता राखाडीचं. पावसात कान्हेरीचा काळा कातळ शेवाळानं हिरवागार असतो. डोळ्याला हिरवा आणि पांढरा वेगळे दिसतात, पण रंग काढून टाकला की उजळ शेवाळ आणि सावलीतलं पाणी जवळजवळ एकाच छटेचे होतात. मी फिल्मच्या रोलवर काम करायचे तेव्हा लेन्सवर लाल फिल्टर चढवायचे. तो हिरव्याला काळवंडायचा, शिवाय आठ पट उजेड खायचा, म्हणजे शटरही आपोआप लांबायचं. एका काचेत दोन कामं! तुम्ही रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं असेल तर रंग फाइलमध्ये शाबूत आहेत. ब्लॅक अँड व्हाइट करताना हिरवा आणि पिवळा स्लायडर खाली ओढा. कातळ पुन्हा काळा होईल. फक्त जेपेग काढलं असेल आणि तेही कॅमेऱ्यातच मोनोक्रोम, तर मग हळहळा.

पोलरायझर फिल्टर असला तर जरूर न्या. ओल्या दगडावरची चकाकी तो काढतो. पण पूर्ण फिरवू नका, थोडी चमक राहू द्या, नाहीतर दगड कोळशासारखा सपाट दिसतो. (हे माझं मत. भांडायला मुभा आहे.)

ट्रायपॉडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण माझा अख्खा एक दिवस त्यात गेलाय. वजनासाठी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग लटकवली होती. वाऱ्यानं ती लंबकासारखी झुलत राहिली आणि सगळ्या फ्रेम हलल्या. पाणी धूसर असल्यामुळे स्क्रीनवर कळलंच नाही. कळलं ते घरी, दगडाच्या कडा मोठ्या करून पाहताना. बॅग खाली दगडाला टेकलेली हवी.

दहा स्टॉपचा फिल्टर विकू नका. वांद्र्याच्या बँडस्टँडला समुद्रावर संध्याकाळी त्याचं चीज होतं. खडकांत लाटा येत-जात राहतात, मिनिटभर शटर उघडं ठेवलं की त्यांचं धुकं होतं आणि काळे खडक त्यातून वर येतात. काच इतकी गडद की फोकस आधी करून मॅन्युअलवर टाकावा लागतो. जा ते ओहोटी लागल्यावर, म्हणजे पाणी मागून येऊन अडकवणार नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा गेल्या रविवारच्या वेळेवर जाऊ नका. पावसाळ्यात तिकडे फिरकूच नका.

कान्हेरीला पुन्हा गेलात तर ओढा थोडा वेळ सोडा आणि लेण्यांच्या कातळात कोरलेले पाट शोधा. पावसाचं पाणी पोढ्यांत, म्हणजे कातळातल्या टाक्यांत, नेण्यासाठी ते खोदलेत. वीतभर पाटातून पाणी पळत असतं, दोन्ही बाजूंना छिन्नीच्या खुणा. तिथे अर्धा सेकंद ठेवून बघा.