चार वर्षांच्या मुलाने घरातली मारहाण पाहिली असेल, तर वर्षभराची थेरपी परवडते का? त्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि आई सोबत बसत असेल तर जास्त. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलिसिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बसवलेली पद्धत अशीच आहे: आठवड्यातून एकदा, तास-दीड तास, साधारण वर्षभर. मूल बाहुली पलंगाखाली लपवतं, थेरपिस्ट आईसमोरच म्हणते, "बाबा ओरडायचे तेव्हा तू असाच लपायचास ना?" ज्या गोष्टीवर घरात कुणी बोलत नव्हतं, ती पहिल्यांदा उच्चारली जाते. 2005 साली 75 माय-लेकरांच्या जोड्यांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची आघाताची लक्षणं आणि वागण्यातल्या तक्रारी कमी झाल्या, आईलाही फरक पडला.

खर्च मात्र फक्त फीचा नसतो. दर आठवड्याला अर्धी रजा, प्रवास, धाकट्याला कुणाकडे तरी ठेवणं, यातच बरेच जण मध्येच सोडतात. सुरुवातीला जुन्या गोष्टी वर येऊन आईला त्रासही होतो. मारहाण अजून चालू असेल तर आधी सुरक्षित जागा बघा, थेरपी त्यानंतर. फी कमी करता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा, संकोच करू नका.